कोलेस्टेरॉल कमी करताना घरात होणाऱ्या या चुका टाळा

बाबांचा लिपिड प्रोफाइलचा, म्हणजे रक्तातल्या चरबीच्या तपासणीचा रिपोर्ट आला तेव्हा एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) 162, ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली आणखी एक चरबी) 178 आणि एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) 36 होतं. त्याच संध्याकाळी फ्रीजमधली अंडी शेजारी गेली आणि तुपाची बरणी वरच्या फळीवर. तीन महिने बाबांनी दोन्हींना हात लावला नाही. पुन्हा रक्त तपासलं, तर एलडीएल 158 आणि ट्रायग्लिसराइड्स थेट 246! बाबा खट्टू होऊन म्हणाले, "एवढं तोंड बांधून काय मिळवलं?"

मग आम्ही आठवडाभर त्यांचं सगळं खाणं वहीत लिहून काढलं. सकाळच्या अंड्याच्या जागी चहाबरोबर चार खाऱ्या आल्या होत्या. तुपाऐवजी पोळीला तेल लागत होतं, आणि तेलात कोलेस्टेरॉल नसतं म्हणून हात सढळ होता. रात्री "हलकं काहीतरी" म्हणून आठवड्यातून दोनदा साबुदाण्याची खिचडी. काय सोडलं हे सगळ्यांना पाठ होतं. त्याच्या जागी काय आलं, हे कुणी पाहिलंच नव्हतं.

नंतर नात्यात, सोसायटीत ज्यांना ज्यांना हा त्रास आहे त्यांच्याशी बोलत गेले. चुका थोड्याफार फरकाने याच निघाल्या.

अंडं सोडलं, खारी धरली

रक्तातलं बरंचसं कोलेस्टेरॉल आपलं यकृतच तयार करतं. अंड्याच्या एका बलकात साधारण 190 मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असतं हे खरं, पण बहुतेकांच्या एलडीएलवर त्याचा परिणाम वाटतो तेवढा होत नाही. अमेरिकेच्या आहार मार्गदर्शिकेत रोज 300 मिलिग्रॅमची मर्यादा होती, तीही 2015 मध्ये काढून टाकली. एलडीएल जास्त वाढवते ती सॅच्युरेटेड फॅट, म्हणजे वनस्पती तूप, लोणी, साय यांत असते तशी थंडीत घट्ट होणारी चरबी. ती जास्त झाली की रक्तातलं एलडीएल उचलून घेण्याचं यकृताचं काम मंदावतं.

आता खारीकडे बघा. तिचे पदर सुटतात ते मैद्याच्या थरांमध्ये घातलेल्या अशाच घट्ट चरबीमुळे. 2022 च्या जानेवारीपासून आपल्याकडे तेल-तुपातल्या ट्रान्स फॅटवर (तेल कारखान्यात घट्ट करताना तयार होणाऱ्या चरबीवर) 2 टक्क्यांची मर्यादा आहे, ही फार चांगली गोष्ट झाली. पण ट्रान्स फॅट कमी झाली म्हणून खारी निर्दोष होत नाही. बेकरीत पाम तेलापासून केलेली चरबी भरपूर वापरतात आणि पाम तेलात जवळपास निम्मी सॅच्युरेटेड फॅट असते. टोस्ट, नानकटाई, क्रीमचं बिस्किट, सगळी एकाच घरची भावंडं. त्यापेक्षा उकडलेलं अंडं कितीतरी बरं. मधुमेह असेल तर आठवड्याला किती अंडी चालतील, ते डॉक्टरांना विचारून ठरवा.

तुपाला कुलूप, दुधाला मोकळं रान

वरणभातावरच्या चमचाभर तुपात साधारण 3 ग्रॅम सॅच्युरेटेड फॅट असते. ज्याला दिवसाला 2000 कॅलरी लागतात त्याने ती एकूण 22 ग्रॅमच्या आत ठेवावी, आणि एलडीएल वाढलेलं असेल तर त्याहून कमी. पण 6 टक्के फॅटचं अर्धा लिटर दूध चहा, कॉफी आणि सायीच्या दह्यातून पोटात गेलं, तर त्यातच 30 ग्रॅम फॅट आली. त्यातली दोन तृतीयांशाच्या आसपास सॅच्युरेटेड. आमच्याकडे चमचाभर तुपावरून रुसवेफुगवे चालायचे आणि दुधाची पिशवी कुणाच्या डोळ्यावर येत नव्हती. आता टोन्ड दूध येतं, दही त्याचंच लागतं, आणि बाबांच्या भातावर तुपाचा तो चमचा परत आला आहे. पुरणपोळीवर वाटीने ओतायचं तूप मात्र बंद.

तेल बदललं, मोजलं नाही

ही सगळ्यात मोठी चूक, म्हणून जरा सविस्तर सांगते. पिशवीवर "कोलेस्टेरॉल फ्री" लिहिलेलं असतं. ते प्रत्येक खाद्यतेलाबद्दल खरं आहे, कारण वनस्पतींच्या तेलात कोलेस्टेरॉल नावालाही नसतं. त्या शिक्क्याने काहीच कळत नाही. लाकडी घाण्याचं तेल चवीला छान लागतं, पण कोणत्याही तेलाच्या एका ग्रॅमला 9 कॅलरीच. घाण्याचं आहे म्हणून दोन पळ्या जास्त चालतात, असं नाही.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 च्या आहार मार्गदर्शिकेत 2000 कॅलरीच्या जेवणासाठी दिवसाला 27 ग्रॅम तेल-तूप धरलं आहे. चौघांच्या घराला महिन्याला हे साधारण साडेतीन लिटर होतं, तूप-लोणी धरून. मी आमच्या पाच लिटरच्या कॅनवर स्केच पेनने फोडल्याची तारीख घातली. कॅन चोविसाव्या दिवशी रिकामी! माणशी रोज 47 ग्रॅम, तेही नुसतं तेल. आईला आकडा पटेना. म्हणाली, "अगं, मी तर एकच पळी घालते." मग तिची फोडणीची पळी पाण्याने भरून औषधाच्या मापात ओतली, तर 25 मिली भरलं. म्हणजे पाच चमचे, आणि अशा फोडण्या दिवसाला तीन-चार.

भांडण न करता एवढंच केलं: पळी बदलून चहाचा चमचा आणला, भाजी झाकण ठेवून वाफेवर शिजवायला लागलो आणि वांग्याच्या काचऱ्यांना जाड बुडाचा तवा घेतला. कॅन आता दीड महिन्याच्या आसपास जाते.

तळणाच्या उरलेल्या तेलाचंही सांगते. गाळून ठेवलेलं तेल पुन्हापुन्हा तापवू नका. तापवता तापवता ते बिघडत जातं, म्हणूनच हॉटेलांसाठी अशा तेलातल्या पोलर कंपाउंड्सवर, म्हणजे तापून बिघडलेल्या घटकांवर, 25 टक्क्यांची मर्यादा आहे. घरी ते मोजायला यंत्र नाही. लहान कढईत थोडंसंच तेल घेऊन तळलं की उरण्याचा प्रश्न येत नाही.

कोकण-गोव्याकडच्या घरांसाठी एक गोष्ट. खोबरेल तेलातली 80 टक्क्यांहून जास्त चरबी सॅच्युरेटेड असते, आणि शेंगदाणा किंवा सूर्यफूल तेलाच्या तुलनेत त्याने एलडीएल वाढतं. एलडीएल जास्त असेल तर रोजच्या स्वयंपाकाला ते नको. बांगडा आणि तारली मात्र जरूर खा, त्यातलं ओमेगा-3 हृदयाला चांगलं. फक्त रवा लावून तेलात बुडवण्यापेक्षा कालवण करा, नाहीतर तव्यावर भाजा.

उपवासाचं ताट

संकष्टी, एकादशी, श्रावणी सोमवार. आपल्याकडे उपवासाला पोटाला विश्रांती मिळते असं म्हणतात, पण ताटात साबुदाणा, बटाटा, वर तळलेला चिवडा आणि गोड दही. साबुदाणा म्हणजे जवळजवळ शुद्ध पिष्ट, त्यात ना चोथा ना म्हणण्याजोगी प्रथिनं. असं पिष्ट आणि साखर गरजेपेक्षा जास्त झाली की यकृत त्याचे ट्रायग्लिसराइड्स बनवतं. बाबांचा 246 चा आकडा बराचसा खिचडी आणि खारीतूनच आला होता, असं मला वाटतं. दारूनेही ट्रायग्लिसराइड्स वाढतात, हे घरात मोकळेपणाने बोललं पाहिजे.

उपवास सोडायला मी कुणाला सांगणार नाही. राजगिऱ्याची भाकरी, भगर आणि दाण्याची आमटी, उकडलेलं रताळं, ताक, एखादं फळ, हेही उपवासालाच चालतं. फळ चावून खा. रस काढला की चोथा जातो आणि साखर उरते.

भर घालायची राहून जाते

काढून टाकण्याच्या नादात घालायचं विसरतो. पाण्यात बुळबुळीत होणारा चोथा पित्ताला आतड्यात धरून बाहेर नेतो, आणि नवं पित्त बनवायला यकृताला रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढून घ्यावं लागतं. असा चोथा जव, ओट्स, राजमा, चवळी, भेंडी, वांगी आणि इसबगोलात असतो. ओट्स साधे घ्या, मसाल्याच्या पाकिटात मीठ बरंच असतं. जवसाची चटणी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहेच. जवस भाजून नीट कुटा, अख्खे दाणे तसेच बाहेर पडतात. मूठभर शेंगदाणे किंवा अक्रोडही खाण्यासारखे, पण खारवलेले नकोत.

सगळं केलं, तरी आकडा हलत नाही?

आधी दिवस मोजा. पंधरा दिवसांत रक्त तपासून निराश होऊ नका, सहा ते बारा आठवडे द्या. ट्रायग्लिसराइड्स 400 च्या वर असतील तर नेहमीच्या सूत्राने काढलेलं एलडीएल भरवशाचं नसतं, ते थेट मोजून घ्यावं लागतं. थायरॉइड मंद असेल तरी एलडीएल वाढतं, म्हणून टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी करून घ्या. आणि एलडीएल 190 किंवा त्याहून वर असेल तर दोष आनुवंशिक असू शकतो. तेव्हा भावंडांची आणि मुलांचीही तपासणी करा. तिथे नुसत्या पथ्याने भागत नाही.

रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून कोलेस्टेरॉलची गोळी बंद करणं, ही चूक जिवावर बेतू शकते. तो आकडा बहुधा गोळीमुळेच खाली आलेला असतो. पुढच्या तपासणीत बाबांचं एलडीएल 139 आणि ट्रायग्लिसराइड्स 168 वर आले, तरी मधुमेह असल्याने डॉक्टरांनी स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉलची गोळी, सुरू केलीच. "मग पथ्य कशाला?" असं बाबांनी विचारलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, पथ्य सांभाळलंत तर गोळीचा डोस कमी लागेल.

पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना रिपोर्टबरोबर तीन दिवसांचं खाणं लिहून न्या, त्यात एक दिवस सुट्टीचा असू द्या. चहाबरोबर काय खाल्लं आणि तेलाची कॅन किती दिवस पुरली, तेही लिहा.