पक्ष्यांच्या फोटोत आपली आवड कशी ओळखायची

काडीवर बसलेला पक्षी, मागे गुळगुळीत हिरवं, डोळ्यात चमक आणि पीस न् पीस मोजता येईल एवढा शार्प. हा फोटो जमायलाच हवा, त्यात वाद नाही, पण तो जमला की पुढे काय हे कोणी सांगत नाही आणि मग बरेच जण वर्षानुवर्षं तोच फोटो काढत राहतात, फक्त पक्षी बदलतो.

पुढचं पहिलं काम घरी बसून करायचंय. आपल्या सगळ्या फोटोंमधून आवडलेले ३०-४० काढा, लाइक्स किती आले होते ते विसरा आणि दुर्मीळ पक्षी मिळाला म्हणून जपून ठेवलेले फोटो बाजूला करा. हे जड जातं, माहितीये. पण पक्षी दिसल्याचा आनंद वेगळा आणि फोटो आवडणं वेगळं. शंका असेल तिथे एवढंच विचारा, हाच फोटो कावळ्याचा असता तर ठेवला असता का? नसता, तर बाहेर.

उरलेले अगदी लहान थंबनेल करून शेजारी शेजारी लावा. लहान केले की पिसं-बिसं दिसेनाशी होतात, उरतो फक्त आकार, उजेड आणि रंग, आणि तिथेच आपली आवड कळते. पक्षी फ्रेममध्ये केवढा आहे, उजेड समोरून की मागून, मागचं मोकळं की पानाफांद्यांनी भरलेलं, पक्षी स्थिर की हलता? यातलं जे पुन्हापुन्हा येतंय ते धरा, आणि एका वेळी एकच धरा.

समजा लहान पक्षी आणि भरपूर मोकळी जागा आवडते. मग ५००-६०० एमएमच्या लांब लेन्सची हाव सोडा, झूम २०० च्या आसपास आणा, अ‍ॅपर्चर एफ ८ ते एफ ११ (लेन्सचं भोक लहान) ठेवा म्हणजे आजूबाजूचं ओळखू येईल. पक्षी लहान असला की त्याची आउटलाइन सगळं काम करते, म्हणून मान आडवी वळेपर्यंत थांबायचं, चोच फांदीला चिकटलेली दिसत असेल तर एक पाऊल सरकायचं आणि पक्षी फ्रेममधल्या सगळ्यात उजळ नाहीतर सगळ्यात गडद भागासमोर येईल असं बघायचं. बगळा, शेकाट्या असे लांब मानेचे नाहीतर लांब पायांचे पक्षी लांबूनही वाचता येतात, चिमणी मात्र नुसता ठिपका होते. आणि हे क्रॉप करून नंतर बघू म्हणू नका, बघायचं ते फोटो काढतानाच, व्ह्यूफाइंडरमध्ये.

बॅकलाइट, म्हणजे पक्ष्याच्या मागून येणारा उजेड, आवडणाऱ्यांनी सूर्य खाली असतानाचा, म्हणजे उगवल्यावरचा किंवा मावळायच्या आधीचा तास धरावा. सूर्य पक्ष्याच्या मागे, किंचित बाजूला हवा आणि त्याच्या मागची जागा सावलीतली हवी, ही दुसरी अट लोक विसरतात आणि मग रिम लाइट, म्हणजे पक्ष्याच्या कडेची उजळ रेघ, दिसतच नाही. एक्सपोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ किंवा गडद करायचं सेटिंग) -१ पासून सुरू करा, गरज पडली तर -२. हायलाइट अलर्ट (जास्त उजळ झालेला भाग स्क्रीनवर लुकलुकवणारी सोय) चालू ठेवा कारण पांढऱ्या पिसांच्या कडा आधी जळतात, म्हणजे नुसत्या पांढऱ्याफटक होतात, तेवढी बारीक रेघ जळली तर चालते पण अख्खा पंख गेला तर रॉ फाइलमधूनही परत येत नाही. बगळा पाण्यातून मासा उचलतो तेव्हा बोट बटणावर हवं. चोचीवरून ओघळणारी धार समोरच्या उजेडात जेमतेम दिसते, तीच बॅकलाइटमध्ये एकेक थेंब सुटा पेटल्यासारखी येते.

ढगाळ दिवशी पांढरं आभाळ आलं की लोक कॅमेरा पिशवीत टाकतात. मला तर तेच आभाळ हाय की साठी, म्हणजे जवळजवळ सगळा पांढरा, उजळ असलेल्या फोटोसाठी लागतं. एक्सपोजर कॉम्पेन्सेशन +१.५ ते +२ द्या, पाणकावळ्यासारखा काळा पक्षी घ्या, कागदावर शाईने काढल्यासारखा येतो. या प्रकारासाठी जपानी चित्रकार ओहारा कोसोन (१८७७–१९४५) याची पक्ष्यांची वुडब्लॉक प्रिंट्स (लाकडी ठशांनी छापलेली चित्रं) जरूर बघा, पक्षी कुठे बसवलाय आणि किती जागा रिकामी सोडलीये एवढंच बघत बसा. फोटोग्राफर्सचे फोटो बघून आपण नकळत पोज उचलतो, चित्रांमधून रचना शिकायला मिळते असं माझं मत.

पॅनिंगला, म्हणजे उडत्या पक्ष्याबरोबर कॅमेरा फिरवत फोटो काढायला, मात्र खूप फ्रेम वाया घालवायची तयारी हवी. शटर १/३० ते १/६० सेकंद, मोठे आणि संथ पंख हलवणारे पक्षी निवडा, कंबरेतून वळा, डोकं जरा तरी शार्प आलं की फोटो ठेवण्यासारखा. उजेड जास्त असेल तर आयएसओ १०० आणि एफ १६.

एडिटिंगमध्ये एक करा, हिरवा रंग थोडा कमी करून बघा. सॅच्युरेशन वाढवलं की सगळ्यांचे फोटो एकसारखे दिसायला लागतात आणि खंड्याचा निळा तर लगेच प्लॅस्टिकचा वाटतो. नॉइज काढतानाही तेच, पिसांचा पोत पुसला जाईपर्यंत स्लायडर ओढायचा नाही, थोडे दाणे राहिले तर राहू देत.

निवडलेल्या प्रकाराचा सराव घराजवळ रोज दिसणाऱ्या एखाद्या पक्ष्यावर करा, तो पुढच्या क्षणी काय करणार हे माहीत असलं की डोकं रचनेकडे देता येतं. स्टाइलच्या नावाखाली घरट्याजवळ जायचं नाही, आवाजाचं रेकॉर्डिंग लावून बोलवायचं नाही, उडताना हवाय म्हणून उडवायचं तर अजिबातच नाही. आणि कोणी म्हणालंच की पक्षी फार लहान आलाय, जरा क्रॉप कर, तर करून बघा. आधीचाच बरा वाटला तर तोच ठेवा.