पावसात ताडपत्रीखाली मुक्काम: कोरडं कसं राहावं

ताडपत्रीच्या कापडातून पाणी गळून माणूस भिजला, असं क्वचितच घडतं. पाणी येतं ते वाऱ्याबरोबर बाजूने, जमिनीवरून उसळून, अंथरुणाखालून, दोरीवरून ओघळत, आणि बऱ्याचदा आपल्याच ओल्या कपड्यांतून. त्यामुळे महागडी ताडपत्री शोधण्यापेक्षा ती कुठे आणि कशी बांधायची, याचा विचार आधी करा.

काय लागेल

एकट्याला ३ मीटर बाय ३ मीटरची ताडपत्री पुरते, दोघांना ३ बाय ४ घ्या. कापड किती पाणी अडवतं ते मिलिमीटरमध्ये लिहिलेलं असतं. १५०० ते ३००० हा आकडा पुरेसा आहे. सिलिकॉन नायलॉन हलकं असतं, पण भिजलं की सैल पडतं आणि पुन्हा ताणावं लागतं. पॉलिएस्टरमध्ये हा त्रास कमी. पॉलिथिनची स्वस्त ताडपत्री पाऊस चांगला अडवते, मात्र तिच्या कडेच्या धातूच्या कड्या जोराच्या वाऱ्यात उपटून निघतात. तसं झालं तर गुळगुळीत गोटा कापडात धरून त्याच्या मानेभोवती दोरी आवळा. ही पकड कडीपेक्षा भक्कम असते.

सोबत आढ्यासाठी १० मीटर दोरी (३ ते ४ मिलिमीटर जाडीची), ताणासाठी प्रत्येकी २ ते ३ मीटरच्या आठ दोऱ्या आणि आठ खुंट्या. ओल्या मातीत आखूड खुंटी टिकत नाही, निदान २० सेंटिमीटरची हवी. मधोमध शिवण असेल तर निघण्याआधीच तिला कापडाला चालणारं सीलंट लावून पूर्ण वाळू द्या. शिवणीच्या भोकांतून थेंब पडायला लागले की पावसात काही करता येत नाही.

जागा

निम्मं काम इथेच होतं. सपाट आणि गुळगुळीत दिसणारी जागा बहुतेक वेळा फसवी असते. माणसांच्या वावराने दाबली गेलेली उघडी माती पाणी मुरू देत नाही; तासाभरात तिथे डबकं होतं आणि थेंब आपटून चिखलाचे शिंतोडे उडतात. त्यापेक्षा गवत किंवा पालापाचोळा असलेली, आजूबाजूपेक्षा किंचित उंच आणि अगदी हलका उतार असलेली जागा बघा. वरच्या अंगाने पाणी कुठून येईल, हे उभं राहून नीट बघा. पडलेला पाला एका रेषेत साचलेला दिसला, तर पाणी त्याच वाटेने वाहतं. कोरडा ओढा, नदीकाठचा वाळूचा पट्टा, घळीचं तोंड या जागा सोडाच, कारण पाऊस दूर वरच्या भागात पडला तरी लोंढा इथे येऊ शकतो.

मग मान वर करा. वाळलेली किंवा अर्धवट तुटलेली फांदी डोक्यावर असेल तर दुसरं झाड शोधा. एकट्या उंच झाडाखालीही नको. विजेपासून ताडपत्री अजिबात संरक्षण देत नाही.

ताडपत्रीभोवती चर खणण्याची सवय अनेकांना असते. ती सोडलेली बरी. जमिनीची नासधूस होते, आणि जिथे चर खणावा लागतो ती जागाच मुळात चुकलेली असते.

बांधणी

१. ताडपत्री पाठीवरच्या पिशवीत सगळ्यात वर ठेवा. मुक्कामी पोचल्यावर आधी ती बांधायची, मगच बाकीचं सामान उघडायचं.

२. वारा कुठून येतोय ते पाहा आणि आढ्याची दोरी वाऱ्याला आडवी बांधा, म्हणजे झड उताराच्या अंगावर आदळेल, उघड्या तोंडातून आत येणार नाही. दोरी सुरगाठीने बांधा. ओल्या, गारठलेल्या बोटांनी निरगाठ सुटत नाही.

३. उंची ठरवा. ३ मीटरची ताडपत्री मधोमध दोरीवर टाकली की दोन्हीकडे दीड-दीड मीटर उतार मिळतो. आढं १ मीटरवर ठेवून कडा जमिनीला टेकवल्या, तर आत सुमारे सव्वादोन मीटर रुंदी उरते. उभं राहता यावं म्हणून आढं उंच नेण्याचा मोह होतो. वाऱ्यापावसात तो आवरा. वारा पडलेला असेल तर कडा थोड्या वर घ्या, हवा खेळती राहते.

४. आढ्यावर कापडाची दोन्ही टोकं विरुद्ध दिशांना ताणून प्रुसिक गाठीने (बारीक दोरीचा फास मुख्य दोरीभोवती दोन-तीनदा गुंडाळून केलेली गाठ) दोरीला अडकवा. ताण असेपर्यंत ही गाठ घट्ट धरते, ढिली केली की सरकवता येते.

५. आधी वाऱ्याकडची कड खाली घ्या, मग दुसरी. खुंटीचं डोकं ताडपत्रीपासून दूर झुकलेलं ठेवा. माती भुसभुशीत असेल तर खुंटीवर जड दगड ठेवा.

६. आता कापडावर हात फिरवा. कुठे खोलगट भाग राहिला तर तिथे पाणी तुंबणार. एका चौरस मीटरवर सेंटिमीटरभर पाणी म्हणजे १० किलो वजन. त्या वजनाने खोलगा आणखी वाढतो आणि शेवटी खुंटी उपटते. म्हणून उतार तीव्र आणि कापड ताठ हवं. एखादा कोपरा मुद्दाम खाली ओढला तर पाणी ठरावीक जागीच पडतं, आणि भांडं ठेवलं तर ते भरूनही घेता येतं.

७. शेवटचं काम मिनिटाभराचं आहे, पण बहुतेक जण नेमकं हेच विसरतात. झाडाच्या खोडावरून उतरणारं पाणी आढ्याच्या दोरीला लागतं आणि तिच्यावरून सरकत थेट ताडपत्रीच्या आत येतं. ताडपत्री सुरू होण्याच्या १० सेंटिमीटर अलीकडे, दोन्ही बाजूंना, सुतळीचा वीतभर तुकडा दोरीभोवती घट्ट बांधून टोक लोंबतं सोडा. पाणी त्यावरून बाहेरच ठिबकेल.

खालची बाजू

खाली अंथरलेला प्लास्टिकचा कागद पागोळीच्या रेघेबाहेर कधीही डोकावू देऊ नका. बाहेर राहिलेली कड पाणी गोळा करून तुमच्या पाठीखाली पोचवते. जास्तीचा भाग खालच्या बाजूला दुमडा. कडेपासून ३० सेंटिमीटर तरी आत झोपा, शिंतोडे तिथवर येतात. आढं ३ मीटर आणि माणूस पावणेदोन-दोन मीटर, म्हणजे डोक्याकडे आणि पायाकडे अर्धा मीटर जागा उरते. रात्री वारा फिरला तर ती कामी येते, आणि नाहीच पुरली तर त्या तोंडाशी रेनकोट बांधून पडदा करा. अंगाखाली फोमची चटई हवीच. जमीन ऊब खेचून घेते.

स्वतः ओल आत नेऊ नका

एक टोक ओल्या सामानासाठी ठरवा: बूट, रेनकोट, पिशवी तिथेच. झोपायचे कपडे आणि स्लीपिंग बॅग जाड प्लास्टिक पिशवीत, तोंड पिळून बांधलेली. पाठीवरच्या पिशवीचं पावसाळी कव्हर पाठीकडून येणारं पाणी अडवत नाही, त्याच्यावर विसंबू नका. झोपायचा जोड दिवसा घालायचा नाही. सकाळी पुन्हा ओले कपडे अंगात चढवताना नको वाटतं, तरी चढवा, नाहीतर दुसऱ्या रात्री कोरडं काहीच उरणार नाही.

स्टोव्ह उघड्या तोंडाशी पेटवा. कडा जमिनीला टेकवून बंद केलेल्या जागेत कार्बन मोनॉक्साइड साचू शकतो, आणि त्याला वास नसतो. शेकोटी ताडपत्रीखाली नको. एका ठिणगीने नायलॉनला भोक पडतं.

निजण्यापूर्वी सगळ्या दोऱ्या पुन्हा ताणा. पाऊस जोरात असताना मध्यरात्री उठून करण्यापेक्षा हे सोपं.

निघताना ताडपत्री सर्वांत शेवटी काढा, झटका आणि बाहेरच्या कप्प्यात कोंबा, कोरड्या सामानात मिसळू नका. घरी पोचल्यावर त्याच दिवशी सावलीत पसरून वाळवा. ओली घडी ठेवली तर बुरशी धरते, आणि पॉलियुरेथेनचा लेप कालांतराने चिकट होऊन सुटायला लागतो.