मे महिन्याआधी सेफ रूम: ओक्लाहोमातल्या मराठी घरांसाठी तयारीची यादी

ओक्लाहोमात टोर्नेडोंचा जोर एप्रिल ते जून, त्यातही मे महिना सर्वांत वाईट. आपल्याकडे आई-बाबा, सासू-सासरे भारतातून येतात तेही बहुतेक याच दिवसांत. म्हणून घरात सेफ रूम, म्हणजे टोर्नेडोत जीव वाचवणारी मजबूत खोली, बांधायची ठरवली असेल तर पहिलं काम माणसं मोजण्याचं. घरात चौघं राहतात म्हणून चौघांची खोली नको. आजी-आजोबा धरा, शेजारी धावत येतील तेही धरा. राहत्या घरातल्या टोर्नेडो-निवाऱ्यासाठी माणशी किमान 3 चौरस फूट जागा सांगितलेली आहे, पण ती दाटीवाटीनं बसण्यापुरती. ज्यांना खाली बसता येत नाही त्यांच्यासाठी खुर्चीची जागा वेगळी मोजा.

मग जमिनीखाली की जमिनीवर, हे ठरवा. गराजच्या फरशीत पुरलेली पोलादी पेटी इथे घरोघरी दिसते आणि ज्यांचे पाय धडधाकट आहेत त्यांना ती पुरते. पण तिच्या पायऱ्या उभ्या आणि अरुंद असतात. गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेल्या आईला घाईत तिथून उतरवणं कठीण, आणि वॉर्निंग आल्यावर हातात बऱ्याचदा दहा-बारा मिनिटंच असतात, कधी तीही नसतात. शिवाय टोर्नेडोबरोबर मुसळधार पाऊस येतो. मे 2015 मध्ये ओक्लाहोमा सिटीत एका बाईंचा जमिनीखालच्या निवाऱ्यात पाणी भरून मृत्यू झाला. म्हणून माझं स्पष्ट मत असं, की म्हातारी माणसं येणार असतील तर खोली जमिनीवरच, त्यांच्या झोपायच्या खोलीच्या जवळ आणि उंबरठ्याशिवाय बांधा.

जमिनीवरची खोली टिकणार नाही, ही भीती मनातून काढून टाका. 11 मे 1970 रोजी टेक्सासमधल्या लबक शहरावर टोर्नेडो आला, 26 माणसं गेली. त्यानंतर तिथल्या टेक्सास टेक विद्यापीठातले अभियंते पडझडीचा अभ्यास करू लागले. घर भुईसपाट झालेलं, पण मधोमध असलेली कोठीची किंवा कपड्यांची लहान खोली उभी, असं त्यांना पुन्हा पुन्हा दिसलं. त्यातूनच घराच्या आत एक मजबूत खोली बांधायची कल्पना पुढे आली. फेमा या अमेरिकी सरकारच्या आपत्ती-व्यवस्थापन संस्थेची पी-320 ही पुस्तिका याच कामातून 1998 साली निघाली. तिच्यातले नकाशे फुकट मिळतात आणि ताशी 250 मैल, म्हणजे सुमारे 400 किलोमीटर वाऱ्यासाठी केलेले आहेत. स्वतः बांधणार असाल तर तेच नकाशे छापून घ्या आणि त्यात आपल्या मनानं एकही सळई कमी करू नका.

बांधकामाचे मार्ग साधारण तीन: सळया घालून ओतलेलं काँक्रीट, पोकळ्या काँक्रीटनं भरलेले ब्लॉक, किंवा लाकडी चौकटीवर प्लायवुडचे थर आणि पोलादी पत्रा. हाताला काम येत असेल तर तिसरा मार्ग जुन्या घरातल्या वॉक-इन क्लॉझेटमध्येही जमतो. तिन्हींत खरी मेहनत सांध्यांची असते. छत भिंतीला आणि भिंत पायाच्या स्लॅबला इतकी जखडलेली हवी, की वाऱ्यानं खोली उचलता येऊ नये. म्हणून बोल्ट ठोकण्याआधी स्लॅब तपासून घ्या. खोली घराच्या बाकीच्या चौकटीला बांधू नका, नाहीतर घर उडताना तिलाही ओढेल. भिंतीची चाचणी घेतात ती 15 पौंडांचा लाकडी वासा ताशी 100 मैलांनी तिच्यावर फेकून. टोर्नेडोत माणसं जखमी होतात, दगावतात ती मुख्यतः अशा उडत्या वस्तूंनी.

दारात मात्र एक पैसाही वाचवू नका. एप्रिल 2014 मध्ये आर्कान्सात सेफ रूममध्ये बसलेल्या माणसाचा जीव गेला, कारण दार चाचणी झालेलं नव्हतं. दुकानात मिळणारं साधं पोलादी दार आणून त्याला जास्तीच्या कड्या लावल्या म्हणजे भागत नाही. दार, चौकट, बिजागऱ्या आणि कड्या असा आयसीसी 500 या वादळ-निवाऱ्यांच्या मानकाप्रमाणे एकत्र तपासलेला पूर्ण संच घ्या आणि कंपनीनं सांगितल्याप्रमाणेच बसवा. आत उघडणारं दार मिळालं तर उत्तम, बाहेर ढिगारा पडला तरी अडकत नाही. हवेची भोकं पोलादी आवरणाखाली ठेवा.

कागदपत्रांचं काम खोदण्याआधीचं. शहराचा परवाना, वसाहतीच्या मंडळाची परवानगी, आणि बाहेर खणणार असाल तर जमिनीखालच्या तारा-नळांच्या खुणा करून घ्यायला 811 वर फोन. राज्याच्या सूनरसेफ या अनुदान योजनेत सोडत काढून निवड होत असे, आधीच बांधलेल्या खोलीला पैसे मिळत नसत. अशी योजना चालू असेल आणि अर्ज करायचा असेल तर पहिला ब्लॉक ठेवण्यापूर्वी करा. खोली झाली की शहराकडे तिची नोंद करा, म्हणजे ढिगाऱ्याखाली कुठे शोधायचं ते बचावपथकाला कळतं.

आत ठेवायचं सामान थोडंच, पण ते तिथेच राहिलं पाहिजे: पाणी, टॉर्च, बॅटरीवरचा हवामान रेडिओ, शिट्टी, प्रथमोपचार पेटी, प्रत्येकाचे बंद बूट, पासपोर्ट आणि विम्याच्या प्रती. मेणबत्ती आणि पेट्रोल अजिबात नको. डोक्यासाठी सायकलचं किंवा मुलांचं क्रिकेटचं हेल्मेट चालतं. आई-बाबांच्या रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्या एका लहान पिशवीत रोज हाताशी असू द्या, इन्सुलिन फ्रीजमध्ये असेल तर ते कोणी उचलायचं हे ठरवून टाका.

शेवटचं काम आई-बाबा आल्या आठवड्यातच करा. टोर्नेडो वॉच म्हणजे तयार राहा आणि वॉर्निंग म्हणजे आत जा, एवढे दोन शब्द त्यांना पक्के सांगा. ओक्लाहोमा सिटीत शनिवारी दुपारी 12 वाजता भोंग्याची चाचणी होते, तो आवाज मुद्दाम ऐकवा. तुम्ही कामावर असताना भोंगा वाजला तर तुमच्या फोनची वाट न पाहता आत जायचं, हे त्यांच्याकडून वदवून घ्या. मग त्यांनाच पलंगावरून उठून खोलीत जायला सांगा, घड्याळ लावा, आणि दार त्यांच्याच हातानं आतून लावून उघडायला लावा. कड्या जड जात असतील तर दार बसवणाऱ्याला त्याच आठवड्यात बोलवा.