पाणी-वाळूच्या प्रश्नावर मतं मागताय? छोट्या पक्षांनो, या चुका टाळा

मराठवाड्यात निवडणूक लागली की पाणी, वाळू, झाडं यावर बोलणारे तीन-चार उमेदवार एकाच मतदारसंघात उभे राहतात. कुणी शेतकरी संघटनेतला, कुणी डाव्या चळवळीतला, कुणी शहरात झाडं लावणाऱ्या तरुणांचा प्रतिनिधी. तळमळ सगळ्यांची खरी असते आणि अनामतही बहुधा सगळ्यांची जाते. वैध मतांपैकी एक षष्ठांश मतं पडली नाहीत की ती जप्त होते. हे पैसे वर्गणीतून उभे केलेले असतात, म्हणून जास्त वाईट वाटतं. त्यात चुका दरवेळी त्याच.

'पर्यावरणवाला मतदार' वेगळा शोधू नका

छत्रपती संभाजीनगरात खाम नदीच्या स्वच्छतेला येणारी मंडळी चांगलीच आहेत, पण सगळे छोटे पक्ष त्यांच्याच दारात उभे असतात. त्याहून कितीतरी मोठा मतदार गेवराई, अंबड, गंगाखेडकडच्या गोदाकाठच्या गावांत आहे. तो स्वतःला पर्यावरणवादी म्हणवत नाही. त्याच्या गावातून रात्री वाळूचे हायवा ट्रक जातात, रस्ता खचतो, रस्त्याखालची नळाची पाइपलाइन फुटते. पात्रातली वाळू पाणी धरून ठेवते; ती उपसली की काठावरच्या विहिरीचं पाणी खाली जातं आणि जिथं मेपर्यंत पुरायचं तिथं मार्चमध्येच टँकरची वाट बघावी लागते. अशा गावात 'हवामान बदल' असा फलक लावून भाषण केलं तर लोक शांतपणे ऐकून घेतात आणि उठून जातात. बोलणं विहिरीपासून सुरू करा.

आणि एक गोष्ट टाळू नका. वाळूच्या ट्रॅक्टरवर त्याच गावातली पोरं कामाला असतात. त्यांना चोर म्हणालात तर त्यांच्या घरातली सगळी मतं गेली. ठेकेदार आणि मजूर यांच्यातला फरक भाषणात स्पष्ट करा, आणि उपसा थांबला तर या पोरांनी काय करायचं, याचं उत्तर घेऊनच गावात जा.

'ऊस बंद करा' एवढंच म्हणू नका

एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं. त्याआधी टाक्यांभोवती जमावबंदी लागू झाली होती. तेव्हा उसावर बोललंच पाहिजे, यात मला शंका नाही. पण शेतकरी ऊस का लावतो? एफआरपी, म्हणजे उसाचा किमान दर, कायद्याने ठरलेली आहे आणि घेणारा कारखाना जवळ आहे. उलट सोयाबीनचं बघा. 2024-25 साठी हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये होता आणि विधानसभेच्या मतदानाच्या तोंडावर बाजार समित्यांत त्याहून कमी भाव मिळत होता. ज्या पक्षाकडे सोयाबीन-तुरीच्या खरेदीचं उत्तर नाही, त्याने ऊस सोडायला सांगितलं तर शेतकऱ्याने का ऐकावं? आधी खरेदी, मग ठिबक, मग ऊस, हा क्रम ठेवा.

बीड, धाराशिवकडच्या ऊसतोड कामगारांचंही तसंच. ऊस कमी झाला तर त्यांचा कोयता थांबतो. त्यांच्याशी न बोलता जाहीरनामा छापणं मला अन्यायाचं वाटतं. शिवाय दिवाळी झाली की तांडे रिकामे होतात. 2024 चं विधानसभेचं मतदान 20 नोव्हेंबरला होतं, म्हणजे ऐन तोडणीच्या तोंडावर. दसऱ्याला गावात गेलात तर माणसं भेटतील.

पाण्याचं सगळं खापर नाशिक-नगरवर फोडू नका

समन्यायी पाणीवाटपाचा आग्रह धराच. 2005 चा कायदा आहे. 15 ऑक्टोबरला जायकवाडीत 65 टक्क्यांपेक्षा कमी साठा असेल तर नाशिक-नगरकडच्या वरच्या धरणांतून पाणी सोडण्याचा प्रश्न येतो, हे आकडे कार्यकर्त्यांना पाठ हवेत. पण जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या टेलचा, म्हणजे शेवटच्या टोकाचा, परभणीकडचा शेतकरी वेगळंच विचारतो: धरण भरलेल्या वर्षीही माझ्या चारीला पाणीपाळी का येत नाही? फुटलेले दरवाजे, गाळाने बुजलेल्या चाऱ्या, वरच्या अंगाला लावलेल्या मोटारी. या प्रश्नाला नाशिककडे बोट दाखवून चालत नाही. कालवा सल्लागार समितीची बैठक कधी आहे आणि तिथे कोण काय बोललं, हे सांगणारा पक्ष त्याला हवा आहे.

दुष्काळाचंच एक भाषण घेऊन फिरणंही आता पुरत नाही. सप्टेंबर 2025 मध्ये परंडा, भूम भागात पुराने माती खरडून नेली.

एकमेकांची मतं खाऊ नका

2019 ला औरंगाबाद लोकसभेचा निकाल 4,492 मतांनी लागला आणि 2024 ला बीडचा 6,553 मतांनी. इतक्या कमी फरकात 'तुम्ही दुसऱ्याची मतं खायला उभे आहात' हा आरोप लगेच चिकटतो, आणि एकाच प्रश्नावर तिघं उभे असतील तर त्याला उत्तर देता येत नाही. दुसरीकडे 2019 च्या विधानसभेला लातूर ग्रामीणमध्ये 'नोटा' दुसऱ्या क्रमांकावर होता! मोठ्या पक्षांवर नाराज असलेल्यांसाठी जागा आहे, हे यातून दिसतं. जिल्हा परिषदेचे गट आपसात वाटून घ्या. तिथे काही शे मतांनीही निकाल फिरतो. विधानसभेला जिथे कालव्यावर किंवा वाळूवर तुमचं आधीपासून काम आहे, तिथेच उभे राहा.

2023 मध्ये तेलंगणातली भारत राष्ट्र समिती नांदेडला मोठ्या सभा घेऊन आली. गोदावरीच्या पाण्यावर जोरात बोलली. डिसेंबरात तेलंगणातली सत्ता गेल्यावर इथला तंबूही उठला. त्यानंतर येणाऱ्या प्रत्येक नव्या पक्षाला गावकरी विचारतात, 'तुम्ही तरी राहणार का?'

कागदाकडे दुर्लक्ष नको

मान्यता नसलेल्या पक्षाच्या उमेदवाराला दहा सूचक, म्हणजे त्याचं नाव सुचवणारे मतदार, लागतात. एकाची सही चुकली तरी अर्ज छाननीत उडू शकतो, म्हणून सूचकांची नावं मतदार यादीतून स्वतः तपासा. पक्षाच्या सगळ्या उमेदवारांना एकच, म्हणजे सामाईक चिन्ह मिळावं म्हणून निवडणूक आयोगाकडे वेळेत अर्ज करा. विधानसभेची मुदत संपण्याच्या सहा महिने आधीपासून तो करता येतो. चिन्हाचा गोंधळ किती महाग पडतो, ते 2024 ला तुतारी आणि पिपाणी या सारख्या वाटणाऱ्या चिन्हांच्या घोळात सगळ्यांनी पाहिलं.

कारखाना किंवा डिस्टिलरीची जनसुनावणी असेल तर घोषणा देऊन परतू नका. सूचना किमान 30 दिवस आधी वर्तमानपत्रात येते. लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. पुढच्या निवडणुकीत गावासमोर ठेवायला तोच कागद उपयोगी पडतो.

आणि हरलात तरी निकालानंतर 30 दिवसांत खर्चाचा हिशोब सादर करा. तो दिला नाही तर आयोग उमेदवाराला तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो.