८५ आणि -१२७ : तापमान सेन्सरचे दोन फसवे आकडे

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून डीएस१८बी२० हा तापमान सेन्सर सुटा घेताना सोबत ४.७ किलोओहमचा एक रेझिस्टरही मागून घ्या. तो डेटा आणि प्लस यांच्यामध्ये जोडायचा. त्याशिवाय रीडिंगचा भरवसा नाही. मॉड्यूलवर, म्हणजे छोट्या बोर्डवर बसवून मिळणाऱ्या सेन्सरवर, तो बहुधा आधीच असतो. बोर्डवर '४७२' छापलेला काळा ठिपका दिसला तर तोच.

सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले की डावा ग्राउंड, मधला डेटा, उजवा प्लस. उलटं जोडलं तर सेन्सर चटका बसेल इतका तापतो, म्हणून सप्लाय दिल्यावर आधी हळूच बोट लावून बघा.

आता आकडे. सेन्सर आर्डुइनो या प्रोग्रॅम करायच्या छोट्या बोर्डला जोडून त्याच्या नेहमीच्या डॅलस लायब्ररीत (सेन्सर वाचायच्या तयार कोडमध्ये) -१२७ आलं, तर सेन्सरशी संपर्कच नाही: वायर सैल आहे किंवा रेझिस्टर राहिलाय. ८५ मात्र जास्त फसवं. सप्लाय मिळाल्यावर सेन्सरमध्ये सुरुवातीला हाच आकडा असतो. १२ बिट रिझोल्यूशनला (मोजणीच्या बारकाईला) मोजणीसाठी ७५० मिलिसेकंदांपर्यंत वेळ लागतो; त्याआधी वाचलंत की ८५ हातात पडतं. खोलीचं तापमान मोजत असाल तर दोन्ही आकडे कोडमध्येच गाळा. तापत असलेल्या पाण्याचं मोजताना ८५ खरंही असू शकतं, तिथे सरसकट गाळू नका.

मुंबईच्या पावसाळ्यात ब्रेडबोर्डवरचे (सोल्डर न करता वायरी खोचायच्या पाटीवरचे) जोड लवकर काळवंडतात. गच्चीवरच्या टाकीसाठी वॉटरप्रूफ प्रोब घ्या, जोड सोल्डर करा आणि प्रत्येक वायरवर वेगळी हीटश्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवा.