पोरीच्या चित्रांना गिऱ्हाईक कसं लागतं

डोंबिवलीत माझं फ्रेमिंगचं दुकान आहे. काउंटरच्या एका बाजूला रंग, ब्रश, एमडीएफचे (दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीचे) कापलेले आकार असं सामानही ठेवते. त्यामुळे हाताला कला असलेल्या पोरांचे आईबाप माझ्याकडे हमखास येतात. त्यातले काही "हिला छोटा बिझनेस सुरू करून द्यायचाय" म्हणत एका दमात अडीच हजारांचं सामान काढायला सांगतात. मी त्यांना निम्म्याहून जास्त परत ठेवायला लावते. माझा गल्ला हलका राहतो, पण ते रंग पुढे माळ्यावर वाळणार हे मला दिसत असतं.

"सुरू करून देणं" हीच तर गोची आहे. दुकानाचं नाव बाबांनी ठरवायचं, लोगो दादाने करायचा, इन्स्टाग्राम आईने चालवायचं, मग पोरीने करायचं काय? तर हाताखालच्या कारागिरासारखं रंगवत बसायचं. तुम्ही तिला तीनच गोष्टी द्या: थोडं भांडवल, एक वही आणि सणांचं कॅलेंडर.

आधी कॅलेंडर. आपल्याकडे लोक 'कला' विकत घेत नाहीत, सणाला लागणारी वस्तू घेतात. राखी, गणपतीचं मखर, दिवाळीचे कंदील आणि पणत्या, आणि माझ्या मते नवशिक्या पोरांसाठी सगळ्यात चांगलं म्हणजे संक्रांतीचं वाण. कारण हळदीकुंकवाला एकाच बाईला एकसारख्या तीस-चाळीस वस्तू लागतात, तीस ते पन्नास रुपयांतल्या, आणि "दरवर्षी तेच प्लास्टिकचे डबे किती लुटायचे" हे तिचं नेहमीचं दुखणं असतं. हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालतं, म्हणजे माल खपायलाही वेळ मिळतो. ऑर्डर मात्र डिसेंबरच्या सुरुवातीलाच घ्यायच्या. मूल दहावीत असेल तर जानेवारीत पूर्वपरीक्षा येते, तेव्हा वाणाच्या वाटेला जाऊ नका. त्या वर्षी राखीवर भागवा.

माझी भाची नववीत असताना तिने वाणासाठी फ्रिज मॅग्नेट केले: अडीच इंची गोल, त्यावर नथ, तुळशीवृंदावन किंवा कोयरी. तिला खरं तर पेन्सिलने हुबेहूब चेहरे काढायचे होते. सुरुवातीला ते नकोच. एका चेहऱ्यात आठवडा जातो, आणि नाक जरा चुकलं की गिऱ्हाईक पैसे देताना तोंड वाकडं करतं. चेहरे हौसेसाठी असू द्यावेत. विकायला अशी वस्तू निवडावी, जी चाळिसाव्या वेळी पहिल्याइतकीच चांगली जमते.

भांडवल म्हणून हजार रुपये पुरे, तेही उसने. वहीच्या पहिल्या पानावर तारीख घालून "आईकडून घेतले १००० रु." असं तिच्याच हाताने लिहून घ्या आणि पहिल्या कमाईतून खरंच परत घ्या. आईचं मन होत नाही, ठाऊक आहे. पण फुकट आलेल्या रंगाची ट्यूब पोरं उघडी टाकतात. उसन्या पैशांच्या ट्यूबला टोपण लागतं.

आता किंमत. इथे बहुतेकजण आपटतात, म्हणून सविस्तर सांगते. समजा गोलाचे ७ रुपये, चुंबकाचे ३, रंग आणि वॉर्निश मिळून २, पिशवी आणि कार्ड २. झाले १४. तिच्या वेळेचे तासाला ६० रुपये धरा. चाळीस मॅग्नेटना आठ तास लागले, तर एकामागे बारा मिनिटं, म्हणजे १२ रुपये. बिघडलेल्या मालाचे २ धरा. एकूण २८. मग ४० रुपयांना विकायला हरकत नाही. बाई म्हणणार, "तीसला दे, पन्नास घेते." तेव्हा पोरीने भाव पाडायचा नाही, काम कमी करायचं: "काकू, तीसला सोनेरी किनार नसेल, एकाच रंगातली कोयरी येईल. चालेल?" हे वाक्य घरी मोठ्याने म्हणायचा सराव करून घ्या. माझ्या भाचीचा आवाज आधी घशातच अडकायचा.

वेळ वाचवायचा तर एक मॅग्नेट पुरा करून दुसरा घ्यायचा नाही. सगळ्यांना आधी अस्तर, म्हणजे रंगाखालचा पहिला हात, मग सगळ्यांना पहिला रंग, मग सगळ्या नथींचे मोती. एमडीएफच्या कडांनाही अस्तर द्यायला विसरू नका, कडा रंग पितात. वॉर्निश रात्रभर सुकू द्यायचं, राखीच्या म्हणजे पावसाच्या दिवसांत त्याहून जास्त. नाहीतर माल पिशवीला चिकटतो. पणत्या करणार असाल तर फक्त बाहेरून रंगवा आणि वातीजवळचा भाग कोरा सोडा. साधी भाजलेल्या मातीची पणती तेल पिते, म्हणून आधी पाण्यात भिजवून पूर्ण वाळवून घ्या आणि एकीत तेल घालून रात्रभर ठेवून बघा. डाग बाहेर आला तर ती पणती शोभेची म्हणूनच विकायची, आणि तसं सांगून.

पहिलं गिऱ्हाईक नात्यातलं नको. आत्या "वा, काय गोड" म्हणून दहा घेईल आणि पोरीला वाटेल जग जिंकलं. नमुन्याचे तीन-चार मॅग्नेट आईने लोकलच्या लेडीज डब्यात न्यावेत. सकाळच्या फास्टमधल्या बायका तोंडावर खरं सांगतात: नथ उलटी आहे, चुंबक कमजोर आहे, रंग झोपलेले आहेत. संध्याकाळी ऑफिसातून परतताना त्यातलीच एखादी ऑर्डर देते. सोसायटीच्या गणपतीत किंवा दिवाळीच्या आधी कुणाच्या टेबलावर कोपरा मिळाला, तर तिथे पोरीला एकटीला बसू द्या. तुम्ही लांब उभे राहा. दिवाळीच्या सकाळी आमच्या फडके रोडवर अख्खी तरुणाई नटून लोटते, पण त्या गर्दीत विकायला जायचा मोह नको. तिथे माणसं एकमेकांना बघायला येतात.

नातेवाईक फुकट मागणारच. "घरचीच पोर आहे" या वाक्याला उत्तर पोरीने द्यायचं नाही, ते काम आईबापाचं. आमच्या घरी नियम असा: वाढदिवसाला एक वस्तू भेट, बाकी सगळ्यांना एकच भाव. दोन जण रुसले. त्यातली एक पुढच्या वर्षी रांगेत होती.

ऑर्डर पक्की म्हणजे अर्धे पैसे आधी. पैसे आई किंवा बाबांच्या खात्यात येणार, म्हणून त्यांची नोंद वहीत त्याच दिवशी व्हायला हवी, नाहीतर भाजीच्या पैशांत मिसळतात. दहा वर्षांवरील मुलांना स्वतः चालवता येईल असं बचत खातं बँका उघडून देतात, ते उघडाच. आणि एक फसवणूक पोरीला आत्ताच समजावून ठेवा: अनोळखी माणूस मोठी ऑर्डर देतो, "पैसे पाठवतो, हा क्यूआर स्कॅन कर" म्हणतो. पैसे घ्यायला स्कॅन लागत नाही, पिनही लागत नाही. असं कुणी म्हणालं की फोन बंद.

इन्स्टाग्रामला तेरा वर्षं पूर्ण लागतात. खात्यावर घराचा पत्ता नको, शाळेचा गणवेश दिसणारे फोटो नकोत, संपर्काला मोठ्यांचा नंबर. पार्सल घ्यायला कुणी घरी येणार असेल तर दार तुम्ही उघडा. अठराखालच्या मुलाने केलेला करार कायद्याने टिकत नाही, तेव्हा कुठल्या दुकानाशी कागदावर व्यवहार झालाच तर सही तुमची. करापुरतं एक सोयीचं आहे: अल्पवयीन मुलाचं उत्पन्न एरवी आईबापाच्या उत्पन्नात मिळवतात, पण स्वतःच्या कौशल्याने कमावलेलं मुलाचं स्वतःचंच धरलं जातं.

या वयाची पोरं अ‍ॅनिमेतल्या पात्रांचे स्टिकर विकायला काढतात. वहीत हवी तेवढी काढावीत, विकायची नाहीत. ती पात्रं दुसऱ्याच्या मालकीची आहेत. आपल्याकडे चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो. राजा रविवर्मा १९०६ साली गेले, त्यांच्या लक्ष्मी-सरस्वतीवरून काही करायला अडचण नाही. वारलीचं तसं नाही. ती एका समाजाची कला आहे आणि त्या नावाला भौगोलिक मानांकन, म्हणजे ठरावीक भागातल्या मालालाच ते नाव लावायचा हक्क, आहे; पांढऱ्या रंगाची त्रिकोणी माणसं काढून त्यावर "अस्सल वारली" लिहू नये.

रविवर्मांचं नाव निघालंच आहे तर, "कलेचा बाजार मांडू नये" म्हणणाऱ्या आजोबांना सांगा की त्यांच्या देव्हाऱ्यातली जुनी लक्ष्मी बहुधा छापखान्यातूनच आली असेल. रविवर्मांनी १८९४ साली मुंबईत स्वतःचा छापखाना काढला होता. चित्रं घरोघर गेली, छापखाना मात्र कर्जात बुडाला आणि एका जर्मन तंत्रज्ञाला विकावा लागला. आजोबांना पहिली अर्धी गोष्ट पुरे. पोरीला पूर्ण सांगा, वही पुढ्यात ठेवून.

एक हंगाम झाला की ती म्हणेल, "आता नको, कंटाळा आला." नको तर नको. फक्त घेतलेल्या ऑर्डर पुऱ्या करायच्या, जमणार नसेल त्याची आगाऊ रक्कम परत करायची, वहीत शेवटची बेरीज मारायची. उरलेले कोरे गोल टाकू नका. आमच्या दुकानात आणा, निम्म्या भावात परत घेते.