मैत्रीण माल्टाला राहायला येते तेव्हा

पहिली गोष्ट, तिला ऑक्टोबरात बोलवा. जुलै-ऑगस्टात इथला पिवळा दगड दिवसभर तापतो आणि ती धग रात्रभर घरात सोडत राहतो. जानेवारी-फेब्रुवारीत उलट. बाहेर छान ऊन आणि घरात हुडहुडी, कारण बहुतेक घरांत हीटिंग नसतं, भिंती दमट असतात, कपाटातल्या साडीलाही बुरशीचा वास लागतो. ऑक्टोबरात समुद्र अजून कोमट असतो, गर्दी ओसरलेली असते, पहिल्या पावसाने धूळ बसलेली असते आणि बाजारात लांपुकी नावाची मासळी आलेली असते. लांपुकीचं पुढे सांगते.

मी मूळची रत्नागिरीची. नोकरीसाठी माल्टात आले त्याला चार वर्षं झाली. ग्झिरात तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या घरात राहते. पहिल्यांदा चुलतबहीण आली तेव्हा सहा दिवसांत सगळं बेट दाखवायचा मी चंग बांधला होता. माल्टा, गोझो आणि कोमिनो ही तिन्ही बेटं मिळून जेमतेम ३१६ चौरस किलोमीटर, मला वाटलं सहज होईल. चौथ्या दिवशी ती बसमध्ये रडकुंडीला आली. मागच्या ऑक्टोबरात शाळेपासूनची मैत्रीण बारा दिवस राहून गेली. तिने आठ वर्षं अंथरुणावरच्या सासूबाईंचं सगळं केलं होतं. त्या गेल्यावर ती पहिल्यांदाच एकटी घराबाहेर पडली होती. त्या बारा दिवसांनी मला जे शिकवलं ते लिहिते आहे.

कागदपत्रांपासून सुरुवात करा. माल्टा शेंगेनमध्ये, म्हणजे युरोपातल्या एकाच व्हिसावर चालणाऱ्या देशांच्या गटात आहे, त्यामुळे व्हिसा शेंगेनचाच. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. पण पंधरा दिवसांवर विसंबू नका, दोन-अडीच महिने हाताशी ठेवा. प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. आमंत्रणपत्र, घराचा भाडेकरार आणि तुमच्या रहिवासी कार्डाची प्रत तुम्ही पाठवायची. भाडेकरार पाठवण्याआधी तो स्वतः एकदा नीट वाचा. पाहुणे किती दिवस राहू शकतात याचं कलम काही करारांत असतं. घरमालकाला आधी सांगितलं की तो सहसा नाही म्हणत नाही. शेजाऱ्याकडून कळलं की मात्र बिनसतं.

मुंबईहून थेट विमान नाही, कुठेतरी बदलावंच लागतं. ती एकटी पहिल्यांदाच येत असेल तर दुबई किंवा इस्तंबूलमार्गे आणा. रोम किंवा फ्रँकफर्टला विमान बदललं तर शेंगेनची प्रवेशतपासणी तिथेच होते. सगळे प्रश्न तिथे, आणि तुम्ही इथे. माल्टाला तपासणी झाली तर निदान दाराबाहेर तुम्ही उभे असता. कागदांची फाइल हातातल्या बॅगेत ठेवायला सांगा.

ती काय आणणार याची यादी तुम्हीच द्या, नाहीतर प्रेमाने चुकीच्या वस्तू येतात. बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला युरोपीय संघात मांस आणि दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत. म्हणजे घरचं तूप नाही, पेढे नाहीत, खव्याच्या पोळ्या नाहीत. ताजी फळं आणि पालाही तपासणीच्या सरकारी दाखल्याशिवाय चालत नाही, त्यामुळे हापूस गेला, कढीलिंबही गेला. माझ्या मैत्रिणीची आई तुपाची बरणी बांधून बसली होती. तिला फोनवर मीच समजावलं, "काकू, विमानतळावर काढून टाकतील, माझ्या वाटचं तिथेच वरणावर घाला." चालतं काय, तर आमसुलं, तिरफळं, मेतकूट, भाजणी, कुळथाचं पीठ, भाकरवडी. तेवढं पुष्कळ झालं.

घराची तयारी फार नको, पण तीन गोष्टी चुकवू नका. पहिली, पाणी. माल्टाला नदी नाही. नळाला येतं त्यातलं बरंचसं समुद्राचं पाणी गोडं करून, उरलेलं जमिनीखालचं. पिऊन काही होत नाही, पण चहा खारट लागतो, डाळ शिजता शिजत नाही. चहाला आणि डाळीला बाटलीचं पाणी घ्यायचं हे पहिल्याच दिवशी सांगा, नाहीतर बिचारी समजते की आपल्याच हाताला चव राहिली नाही. दुसरी, गिझर. तो कधी लावायचा, पाणी किती पुरतं, हे दाखवून ठेवा. तिसरी, कचरा. इथे दारापुढे पिशवी ठेवायची आणि प्रत्येक दिवसाची पिशवी वेगळी. पाहुणीला काहीतरी मदत करायचीच असते. कचऱ्याचं वेळापत्रक फ्रिजवर लावून ते काम तिला द्या. माझ्या मैत्रिणीने ते इतकं मनावर घेतलं की खालच्या मजल्यावरच्या आजी तिलाच विचारायच्या, आज कोणती पिशवी. प्लग तीन जाड चौकोनी पिनांचा, इंग्लंडसारखा. एक अडॅप्टर विकत आणून ठेवा.

आणि किल्ली. तिची स्वतःची किल्ली पहिल्या संध्याकाळीच तिच्या हातात द्या. मी दिली तेव्हा ती बराच वेळ मुठीत धरून बसली होती.

पहिले दोन दिवस काहीही ठरवू नका. तिला झोपू द्या. मी रजा न घेता ऑफिसला गेले, तेव्हा मनात अपराधी वाटत होतं. संध्याकाळी आले तर ती बाल्कनीत बसून समोरच्या घरातली बाई दोरीने टोपली खाली सोडून पाव वर कशी घेते ते पाहत होती. म्हणाली, "दुपारी दोन तास झोपले. कुणी हाक मारली नाही." तेव्हा मला कळलं की हिला आधी घर हवं आहे, बेट नंतर.

तिसऱ्या दिवशी तिला एकटीने फिरता येईल एवढं शिकवा. बस हाच मुख्य आधार. इथे राहणाऱ्यांना कार्डावर बस फुकट आहे, पाहुण्याला तिकीट काढावं लागतं आणि ते दोन तास चालतं. तुमचं कार्ड तिला देऊ नका, ते नावावर असतं. स्टॉपवर उभं राहून हात दाखवला नाही तर बस थांबत नाही, हेही सांगा. शिवाय पाट्या वाचायला शिकवा. माल्टी भाषा लिहितात रोमन लिपीत, पण ती अरबीच्या घरातली आहे. एक्स दिसला की श म्हणायचं, जे दिसला की य. इंग्रजीच्या सवयीने वाचलं तर मार्साश्लोक हे गाव कधीच सापडत नाही. एकदा कान बसला की मराठी माणसाला गंमत वाटते. जगाला दिन्या, पुस्तकाला क्तीब, साबणाला सपूना. दुनिया, किताब आणि साबण भेटल्यासारखे वाटतात. पाववाल्याला मैत्रीण "ग्रात्सी" म्हणायला लागली आणि तो पाव निवडून द्यायला लागला.

आता समुद्र. कोकणातली माणसं समुद्र पाहून वाढलेली असली तरी त्यात पोहतातच असं नाही, आणि इथला समुद्र वेगळा आहे. ग्झिराशेजारच्या स्लीमाच्या किनाऱ्यावर वाळू नाही, खडक आहे. खडकाला लोखंडी शिडी लावलेली असते आणि शिडी संपली की थेट खोल पाणी. पोहता न येणाऱ्या पाहुणीला तिथे उतरवू नका. स्लीमाहून २२२ नंबरच्या बसने मेल्लिहाजवळच्या आदीराला न्या. तिथे वाळू आहे आणि बरंच आत गेलं तरी पाणी कमरेइतकंच राहतं. ईशान्येचा वारा असेल त्या दिवशी मात्र जाऊ नका, लाटा सरळ आत येतात. जांभळी जेलीफिश दिसली तर पाण्यातून बाहेर या, ती चांगलीच डसते. खडकावर जायचं असेल तर रबरी बूट घ्या, फटींत काटेरी समुद्री अर्चिन बसलेली असतात.

आदीराला पोचल्यावर मैत्रिणीने पहिला प्रश्न विचारला, "ओहोटी कधी लागते गं?" मी चार वर्षं इथे आहे, पण हे मला कुणी विचारलं नव्हतं. भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी नावापुरती, इथे पाणी जेमतेम वीतभर वरखाली होतं. तिचा विश्वास बसेना. वाळूत पाण्याच्या कडेला तिने चप्पल रोवून ठेवली आणि तीन तासांनी येऊन पाहिलं. चप्पल तिथेच, कोरडी. मग ती हसत सुटली. वेळ बघायची नाही म्हटल्यावर संध्याकाळपर्यंत कमरेभर पाण्यात उभी होती.

रविवारी सकाळी लवकर मासळीबाजारात जा. राजधानी व्हॅलेटाहून ८१ किंवा ८५ नंबरची बस मार्साश्लोकला जाते. नऊनंतर तिथे पर्यटकांची इतकी गर्दी होते की मासळी दिसत नाही. बंदरात निळ्या-पिवळ्या-लाल होड्या असतात, लुत्सू म्हणतात त्यांना. नाळेवर दोन्ही बाजूंना डोळे रंगवलेले असतात, दर्यात राखण करणारे. नारळी पौर्णिमेला होडीची पूजा पाहिलेल्या माणसाला ते वेगळं समजवावं लागत नाही.

लांपुकीचा हंगाम ऑगस्टच्या मध्यापासून डिसेंबरपर्यंत. तिची धरण्याची रीत सुंदर आहे. ही मासळी सावलीला जमते, म्हणून कोळी समुद्रात तरंगते तराफे सोडतात, त्यांना खाली ताडासारख्या झाडाच्या झावळ्या बांधतात आणि दगडाच्या वजनाने एका जागी धरून ठेवतात. सावलीत मासळी आली की भोवती जाळं. मैत्रिणीने हे ऐकलं आणि गल्ल्यावरच्या माणसाला न विचारता मासळीचे कल्ले उघडून पाहिले. लालभडक होते. बोटाने पाठ दाबली, खळगा राहिला नाही. तो माणूस इंग्रजीत म्हणाला, "ही बाई कोळीण आहे का?" लांपुकीची साल जाड असते, ती मासळीवाल्याकडूनच काढून घ्या.

घरी आल्यावर स्वयंपाकघर तिच्या ताब्यात द्या. पाहुणीला कामाला लावू नये असं आपल्याला वाटतं, पण बारा दिवस नुसतं पाहुणी होऊन बसणं कुणालाही जड जातं. तिने ओलं खोबरं, भिजवलेल्या मिरच्या, धणे, हळद वाटलं, तिरफळं ठेचून टाकली, आमसुलं घातली. कालवणाला उकळी आल्यावर तुकडे सोडून सात मिनिटांत गॅस बंद केला. लांपुकी जास्त शिजली की कोरडी पडते. तिरफळांचा वास जिन्यात गेला आणि खालच्या आजी वर आल्या. त्यांनी वाटीभर नेलं आणि दुसऱ्या दिवशी त्याच वाटीतून ऑलिव्ह आणि पालक घातलेल्या लांपुकीच्या पायचा तुकडा पाठवला. रिकामी वाटी परत करायची नाही, हे रत्नागिरीतही असंच.

बाहेरचं खाणं स्वस्तात उरकायचं तर पास्तित्सी. आत वाटाणा किंवा रिकोटा चीज भरलेलं. शाकाहारी पाहुण्याने विचारून घ्यावं, पापुद्र्यात कधीकधी चरबी असते. आणि फ्तीरा, चपटा पाव, त्यात टोमॅटो, ऑलिव्ह तेल, केपर. ही फ्तीरा करण्याची कला २०२० मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली आहे.

बघण्याच्या जागा थोड्याच ठरवा, एका दिवशी एकच. हाल सफ्लिएनीचं हायपोजियम, म्हणजे प्राचीन भुयारी दफनस्थान, पाहायचं असेल तर तिकीट व्हिसा हातात येताच काढा. एका वेळी दहाच माणसं आत सोडतात आणि तिकिटं फार आधी संपतात. व्हॅलेटाला स्लीमाहून फेरीबोटीने जा. वर बाराक्का बागेत बाराला पाच मिनिटं असताना पोचा, दुपारी बाराला तोफ उडते. मग सेंट जॉन्स को-कॅथेड्रल. तिथे काराव्हाज्योचं १६०८ चं भलंमोठं चित्र आहे, सेंट जॉनच्या शिरच्छेदाचं. सांडलेल्या रक्तात चित्रकाराने आपलं नाव लिहिलं आहे. तिला त्या चित्रासमोर बसू द्या, बोलू नका. मी पहिल्या पाहुणीला तिथे इतिहास सांगत सुटले होते, ते मला अजून बोचतं.

गोझोला एक रात्र राहा. माल्टाच्या चिरकेव्वा बंदराहून बोट २५ मिनिटांत गोझोच्या इम्जारला पोचते. तिकीट जाताना लागत नाही, परतताना काढायचं. जगांतियाची दगडी मंदिरं पाच हजार वर्षांहून जुनी आहेत, ती सकाळी पाहा. ‘अझुर विंडो’ ही प्रसिद्ध दगडी कमान मात्र ८ मार्च २०१७ च्या वादळात समुद्रात कोसळली, जुने फोटो पाहून कुणी हट्ट धरला तर सांगा. दुपारनंतर श्वेय्नीच्या मिठागरांवर जा. खडकात खणलेले चौकोनी वाफे, मावळतीच्या उन्हात गुलाबी दिसतात. मैत्रिणीच्या आजोळी मिठागरं होती. ती वाकून एका कोरड्या वाफ्याच्या कडेचा खडा जिभेवर ठेवून म्हणाली, "आपल्यापेक्षा कमी कडू आहे." तिथलंच अर्धा किलो मीठ घेऊन गेली.

पैशांचं बोलणं दुसऱ्या दिवशीच उरका. आम्ही एका डब्यात दोघींनी सारखे युरो टाकले, बाजार आणि बस त्यातून. "राहू दे, मी देते" हे रोज म्हणण्याचा त्रास दोघींनाही होतो. आणि आठव्या-नवव्या दिवशी थोडं खटकतंच. आमचं ओल्या टॉवेलवरून झालं. ऑक्टोबरात हवा दमट, माझ्या छोट्या बाथरूममध्ये काही वाळत नव्हतं, मी चिडून बोलले. ती एकटी समुद्रावर गेली, दीड तासाने पास्तित्सी घेऊन आली. किल्ली तिच्याजवळ होती म्हणून तिला घंटी वाजवून विचारावं लागलं नाही.

परतीच्या सामानात तेल आणि मध मोठ्या बॅगेत जाऊ द्या, हातातल्या बॅगेत अडवतात. विमान पहाटेचं असेल तर टॅक्सी रात्रीच ठरवा.

तिला सोडून घरी आले तर फ्रिजवर कचऱ्याच्या वेळापत्रकाखाली चिठ्ठी होती. "आमसुलं साखरेच्या डब्यामागे ठेवली आहेत, डिसेंबरपर्यंत लांपुकीला पुरतील. आज गुरुवार, रिसायकलची पिशवी खाली ठेवली आहे."